नंदीची सुट्टी

आई काचेच्या बाटलीने पोळी लाटत होती.

मी आत्याच्या गावाहून नुकतीच येऊन दारात उभी होते. हातात आत्याने बांधून दिलेल्या करंज्या होत्या. बाटली सरबताची, तिच्यावरचा कागद अर्धवट निघालेला. पोळी एकीकडे जाड, एकीकडे पापडासारखी होत होती आणि आईचं तोंड दर पोळीला आणखी आंबट.

"आई, लाटणं कुठी गेलं?"

"तुह्या बाबूजीले इचार. मी काई सांगून नाई राह्यली. ऐन सणात घरातलं लाटणं नेते का कोणी? काल पुरणाच्या पोळ्या मी कशा केल्या ते माह्या जिवाले ठाऊक. जा आत. तुह्यीच वाट पाहून राह्यले सकाळपासून."

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता तो. आमच्या वर्ध्याकडे पोळा दोन दिवसांचा. पहिला दिवस खऱ्या बैलांचा. त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू येत नाही, पाठीला हाकायची तुतारी टोचत नाही, अंघोळ, रंग, पुरणपोळीचा घास, सगळा थाट. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. लाकडाचा बैल, त्याला आम्ही नंदी म्हणतो, तो सजवायचा, दोरीने ओढत मारुतीच्या पटांगणात न्यायचा. तिथे तोरण बांधलेलं, माईक लावलेला, परीक्षक बसलेले. चांगल्या नंदीला बक्षीस.

नंदी पोराचा म्हणायचा, पण तो सजवतं कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असे. बाप लोक आठ दिवस आधीपासून सुताराकडे खेपा घालत, आया झुलींना मणी टाचत, आणि ज्याचा नंदी ते पोर ओट्यावर बसून चिवडा खात असे. संध्याकाळी तेच पोर स्टेजवर जाऊन "मी केला" म्हणे, आणि खाली बाप सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवी. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. रीतच ती.

आमचा नंदी चुलतभावाकडून उतरून आलेला होता. पायांखालची पाटी आणि चाकं कधीच गेलेली, मागचा डावा पाय गुडघ्यातून तुटलेला. उभा केला की कुशीवर पडायचा. "यंदा नवीन आणू," बाबूजी दर पोळ्याला म्हणत. मग पोळा येई आणि जाई. बाबूजी कापडाच्या दुकानात नोकरीला होते. दिवसभर ठाण उलगडायचे, दाखवायचे, पुन्हा घड्या घालायचे. गिऱ्हाइकाचं पोर रडायला लागलं की ते रुमालाचा उंदीर करून त्याच्या अंगावर सोडत. उंदीर असा टुणकन उडे की पोर रडणं विसरून जाई. शेठजी म्हणायचे, "पल्लाद, कापड ईक, सर्कस नको करू." बाबूजी हसत आणि उंदराचा पुन्हा रुमाल करत. घरी आले की तोच उंदीर माझ्यासाठी निघे.

त्या वर्षी मी चौथीत होते. पोळा जवळ आला तशी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि ती काही केल्या जाईना. पोळा म्हणजे बैलाची सुट्टी. मग सुट्टीच्या दिवशी सगळे जण त्याला नटवून, वाजत गाजत गावभर का हिंडवतात? मला सुट्टी असली की मी झोपते. आमच्या आत्याकडचा म्हातारा बैल तर सदान्‌कदा दमलेला असायचा. त्याला कोणी विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता?

झालं. मी माझ्या नंदीला झोपवायचं ठरवलं. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची बाज केली, तिला सुतळी विणली. विणताना बोटं सोलली, पण बाज खरोखरीची झाली, मधे झोळ पडलेली. आईच्या फाटक्या लुगड्याची वाकळ शिवली. उशी केली. काड्यांचं जू करून ते पुठ्ठ्यात टोचलेल्या खिळ्याला टांगलं, कारण आज त्याची गरज नव्हती. मातीची इवलीशी पुरणपोळी करून उशाशी ठेवली, अर्धी खाल्लेली. नंदीला कुशीवर निजवला, मानेपर्यंत वाकळ ओढली, आणि हे सगळं घरातल्या मोठ्या बाजेखाली सरकवून वरची चादर खाली ओढून झाकून ठेवलं. मी इतकी खूश होते की जेवताना मधेच उठून वाकून बघून यायची. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी आपलं आपल्याला सुचलं होतं.

आत्या मला पोळ्यासाठी न्यायला आली त्या दिवशी बाबूजींनी खाली वाकून ते पाहिलं. मी दाराआडून बघत होते. वाकळ जराशी उचलून त्यांनी नंदीच्या तुटक्या पायावर अंगठा फिरवला. मग आजारी माणसाच्या अंगावर घालावी तशी वाकळ नीट घातली आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, त्यांना आवडलं.

करंज्या ओट्यावर टाकून मी आतल्या खोलीत गेले.

नंदी उभा होता.

चारी पायांवर, पाटीवर, पाटीला चाकं. अंग पांढरं शुभ्र, शिंगांना सोनेरी वर्ख, कपाळाला आरसे लावलेली मटाटी. पाठीवर जांभळ्या रेशमाची झूल, तिला जरीचा काठ, काठाला घुंगरू. झूल थेट पाटीपर्यंत आलेली. बाबूजी भिंतीला टेकून बसले होते, बोटांना सोनेरी रंग, केसांत भुसा, आणि चेहरा असा की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

"कसा झाला?" त्यांनी विचारलं.

माझं लक्ष नंदीच्या वेसणीकडे गेलं. ती सुतळीची होती. माझ्या बाजेची सुतळी. बाजूला पुठ्ठा उघडाबोडका पडला होता.

"बाज?" मी म्हटलं.

"बाज आता कायले? तो उभा राह्यते आता. ओढून पाह्य, ओढ!" त्यांनी स्वतःच दोरी ओढली. घुंगरू वाजले. "डोलते पाहा मान. आतून तार टाकली हाये. काल दुकान बंद होतं तं दिवसभर बसलो. मानेची तार तं लय वेळ जमेचना. मंग जमली!" ते पुन्हा ओढून स्वतःच हसले. "कसा झाला, सांग नं!"

"चांगला," मी म्हटलं.

आई दारातून म्हणाली, "पोरीनं अर्ध्याच तोंडानं सांगतलं. दमली असंल."

मी दमले नव्हते. पण बाबूजी इतके खुशीत होते की आईचं म्हणणं मी तसंच राहू दिलं. आई वेणी घालत होती तेव्हा मी मनातल्या मनात रडत होते. माझ्या नंदीला यांनी उठवलं. सुट्टीच्या दिवशी उठवलं. वर माझ्याच बाजेची सुतळी त्याच्या नाकात घातली.

पटांगणात गर्दी मावत नव्हती. प्लास्टिकच्या फुलांत बुडालेले नंदी, देवळासारख्या रथातले नंदी, एकाच्या पाठीवर तर दिवा लागत होता. आमच्या शाळेतले खोडे मास्तर माईकवर होते. माईक हातात आला की ते मास्तर राहत नसत, जत्रेतले विदूषक होत. तालुक्याहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या, मोठ्या कुंकवाच्या, बोलायला मऊ. त्या प्रत्येक नंदीपाशी थांबत होत्या. माझ्या नंदीपाशी थांबल्या, दोरी ओढली, मान डोलली आणि बाई "अगंबाई!" म्हणाल्या. माझ्या मागून बाबूजींचा श्वास मला ऐकू आला.

पहिला नंबर माझा आला.

मला वर बोलावलं. टेबलावर बक्षिसं होती. पहिल्या नंबराला लाल रंगाची वॉटर बॅग, तिच्यावर सशाचं चित्र. खाली सगळ्यांत पुढे बाबूजी उभे होते, धुतलेला सदरा घालून. पाहुण्या बाईंनी माईक माझ्या तोंडापुढे धरला.

"किती सुंदर गं! कोणी केला हा नंदी?"

उत्तर ठरलेलं होतं. माझ्या आधी दुसऱ्या नंबरवाल्या पोराने ते खणखणीत दिलं होतं, आणि त्याच्या नंदीचा रथ तर त्याच्या डोक्याहून उंच होता. मलाही फक्त एक अक्षर म्हणायचं होतं. पण मनातलं ते रडणं नेमकं तेव्हाच वर आलं.

"बाबूजीनं केला," मी माईकात म्हटलं. "माह्यावाला झोपला होता. त्यायनं उभा केला."

एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग पटांगण हसलं. आधी पुढची पोरं, मग बाया, मग ते सगळे बाप, ज्यांच्या नखांतला रंग अजून वाळला नव्हता. ते तर सगळ्यांत जोरात हसले.

खोडे मास्तरांना आयतंच मिळालं. "घ्या! पोट्टी झोपली अन् बाप खेळला! पल्लादभाऊ, या बरं वर. लाजू नका, पयला नंबर काढला तुमी!"

बाबूजी मान हलवत होते, पण लोकांनी त्यांना ढकलत वर आणलं. मास्तरांनी ती वॉटर बॅग उचलली आणि त्यांच्या गळ्यात घातली. पट्टा लहान पोराच्या मापाचा. ससा त्यांच्या गळ्यापाशीच लटकला. "टाळ्या वाजवा! आपला पल्लाद आता चौथीत गेला! कोणत्या शाळेत घालायचा याले?"

बाबूजी हसले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले. दुकानात एखादं गिऱ्हाईक सगळी ठाणं उलगडायला लावून काही न घेता उठलं की ते असेच हसायचे. हात जोडताना त्यांचं लक्ष स्वतःच्या सोनेरी बोटांकडे गेलं. त्यांनी घाईने मुठी मिटल्या.

खोटं कशाला सांगू, आधी मला बरं वाटलं. चांगली जिरली, असंही वाटलं. पण लोक हसायचे थांबेनात आणि बाबूजींना उतरायच्या पायऱ्या कुठे आहेत ते दिसेना. ते दोनदा चुकीच्या बाजूला गेले.

घरी जाताना नंदी त्यांनी काखेत घेतला होता. ओढला नाही, घुंगरू वाजले असते. वॉटर बॅग काढून पिशवीत टाकली होती. बरंच चालल्यावर ते म्हणाले, "रागावली काय वं?"

मी पायाने एक खडा उडवला.

"मले वाटलं, तुले आवडंल."

"तुमी त्याले काहून उठवलं?" माझा आवाज फुटला.

"उठवलं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. "अवं, त्याचा पाय मोडला होता नं. पोरी हसतीन म्हणून तू झाकून ठेवला होता, मले दिसलं नाई काय? दर साली नवीन आणतो म्हणतो अन् आणत नाई. पोरगी काई बोलत नाई, गुपचूप मोडका नंदी निजवून ठेवते. मले लय लाज वाटली. म्हटलं, नवीन नाई तं नाई, याचाच पाय लावू."

"पायासाठी नव्हता निजवला!" मी ओरडले. "त्याची सुट्टी होती!"

"सुट्टी?"

"पोळा होता नं! बैलाले एकच दिवस सुट्टी राह्यते. त्या दिवशी तं तो झोपंल का नाई? म्हणून बाज केली होती. जू टांगलं होतं. पोळी खाऊन झोपला होता तो."

बाबूजी रस्त्यातच थांबले. काखेतल्या नंदीकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे ओठ हलले, जणू ते बाज, जू आणि अर्धी पोळी मनात पुन्हा मांडून बघत होते.

"असं होय," ते हळूच म्हणाले. "अवं, हे तं भल्लं सुचलं तुले. इतक्या पोळ्यात कोणाले नाई सुचलं." आणि नंदी दुसऱ्या काखेत घेत, "मले समजलंच नाई वं. मी आपला पायच पाहत राह्यलो."

त्यांनी मला शाबासकी दिली होती. खरी शाबासकी, त्या पटांगणातल्या बक्षिसापेक्षा मोठी. मी ती घेतली नाही. मी फुरंगटून पुढे चालत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी नंदी खाली ठेवला आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. "पाय काढून देऊ का? होता तसा करून देतो. बाज मी इणून देतो पुन्यांदा."

खरं तर मला तेव्हा काहीच नको होतं. पण आपण दुखावलो आहोत हे शेवटपर्यंत दाखवायचं असतं ना त्या वयात.

"काढा," मी म्हटलं.

त्यांनी झुलीची गाठ सोडली. झूल खाली पडली आणि मी तो पाय पहिल्यांदा पाहिला.

तो रंगवलेला नव्हता. बाकी सगळा नंदी पांढरा, हा एक पाय लाकडाच्या रंगाचा, तुपकट, गुळगुळीत. आई बघायला आली आणि म्हणाली, "अगं माय, हे तं माह्यं लाटणं!" आणि पुढचं बोलणं तिच्या तोंडातच राहिलं. पाय होताच तसा. म्हणजे बैलाचा असतो तसा. नंदीचे मूळचे तीन पाय सुताराने दांडकी ठोकल्यासारखे ठोकलेले. याला मात्र गुडघ्याची वाटी होती, खाली बारीक होत गेलेली नळी होती, खुराच्या मधली चीर होती, आणि मागच्या बाजूला, खुराच्या वर, ते दोन छोटे उंचवटे असतात तेही होते. बसलेला बैल उठताना पाय जसा किंचित आत घेतो, तसा तो आत घेतलेला होता. साध्या चाकूने केलं होतं हे. अंगावरचा वर्ख आणि आरसे लोकांनी पाहिले, बाईंनी डोलणारी मान पाहिली. हा पाय झुलीखाली होता. तो मोडलेला होता हे कोणाला कळू नये, म्हणून एवढी लांब झूल.

नको, म्हणायला पाहिजे होतं. राहू द्या, एवढंच. शब्द तोंडाशी आला होता. पण मी "काढा" म्हणून बसले होते, आणि चौथीतल्या मुलीलाही मान असतो.

बाबूजींनी पक्कड घेतली. खिळा कुरकुरला. पाय निघाला. त्यांनी तो एकदा बोटांत फिरवला, चुलीजवळच्या काटक्यांवर ठेवला, नंदीला कुशीवर निजवलं आणि त्याच्यावर वाकळ ओढली. मग न्हाणीत जाऊन कितीतरी वेळ बोटं घासत राहिले.

सकाळी मी उठले तेव्हा चूल पेटलेली होती आणि काटक्यांवर पाय नव्हता. मी आईला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिने नवीन लाटणं आणलं आणि घरात पुन्हा गोल पोळ्या होऊ लागल्या.

पुढच्या पोळ्याला मी चांगलं तोंड करून म्हटलं, "बाबूजी, यंदा आपण दोघं मिळून करू."

ते दुकानातून आणलेल्या चिंध्यांची घडी घालत होते. "तूच कर वं," ते म्हणाले. "मले काय समजते त्यातलं." रागाने नाही, टोमण्याने नाही. त्यांना खरोखर तसं वाटत होतं, आणि ते त्यांना कोणी शिकवलं होतं हे मला ठाऊक होतं. गळ्यात ससा घालणाऱ्या खोडे मास्तरांवर मी पुष्कळ वर्षं राग काढला. पण मास्तरांनी फक्त टाळ्या मागितल्या होत्या. पक्कड मी आणायला लावली होती.

दुकानात रुमालाचा उंदीर नंतरही उडत असे म्हणतात. घरात तो पुन्हा निघाला नाही.

मी पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले. चुका करू द्या पोरांना, आपलं आपल्याला सुचू द्या, असं मी पालकांना सांगते आणि ते खरंच आहे. बाबूजी जाऊनही आता काळ लोटला. त्यांच्याशी पुष्कळ बोलले मी, दुखण्यात, देखभालीत, पण त्या पायाबद्दल नाही. तोंड उघडलं की चौथीतली मी आडवी यायची.

आता तान्ह्या पोळ्याला मला परीक्षक म्हणून बोलावतात. पोरं ओळीने उभी असतात, प्रत्येकाच्या मागे एकेक बाप, नखांत सोनेरी रंग. कोणी केला, हे मी कोणालाच विचारत नाही. मी नंदी उचलते, झूल वर करते आणि चारी पाय नीट बघते. बाकीचे परीक्षक हसतात. "मॅडम, बाजारात बैल घ्यायला आल्या का?" म्हणतात. हसू देत.

पाय सगळ्यांचे धड असतात. तसा एकही अजून दिसला नाही.